नाव ठेवणारे आणि नावं ठेवणारे

‘चेस्को’ हा शब्द ऐकला की अंगावरून गोगलगाई सरपटत गेल्यासारखं वाटतं, अशी वाक्लाव हावेल यांची तक्रार होती. हावेल म्हणजे नाटककार, कम्युनिस्ट राजवटीत तुरुंग भोगलेले बंडखोर आणि पुढे चेक प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष. ‘चेस्को’ ही काही शिवी नव्हती. ते त्यांच्याच देशाचं, त्यांच्याच भाषेतलं, सुटसुटीत नाव होतं.

१ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकियाची भांडणतंटा न होता वाटणी झाली. स्लोव्हाकांना ‘स्लोव्हाकिया’ हे तयार नाव मिळालं. चेक लोकांच्या वाट्याला ‘चेक प्रजासत्ताक’ हे करारमदारात शोभणारं, पण तोंडी बसायला अवघड नाव आलं. त्याच वर्षी तिथल्या परराष्ट्र खात्यानं इंग्रजीत ‘चेकिया’ वापरा असं सुचवलं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. वस्तूंवर आणि खेळाडूंच्या जर्सीवर नुसतं ‘चेक’ हे विशेषण छापून वेळ मारून नेली जायची. हे तेवीस वर्षं चाललं. एप्रिल २०१६ मध्ये अध्यक्ष मिलोश झेमान, पंतप्रधान बोहुस्लाव सोबोत्का, दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष आणि परराष्ट्र व संरक्षणमंत्री एकत्र बसले आणि ‘चेकिया’वर त्यांचं एकमत झालं. मे महिन्यात मंत्रिमंडळानं मंजुरी दिली आणि जुलैत संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीत ते नाव चढलं. लांब नाव रद्द झालं नाही. रोजच्या वापरासाठी त्याला एक छोटा जोडीदार मिळाला, इतकंच.

एवढ्याशा बदलावर जे काहूर उठलं, ते पाहण्यासारखं होतं. हे नाव एखाद्या औषधाचं वाटतं, असं कुणी म्हणालं, तर कुणाला ते मोटारगाडीचं वाटलं. खुद्द मंत्रिमंडळातल्या प्रादेशिक विकासमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं की आपल्या देशाला लोकांनी चेचन्या समजू नये, अशी त्यांची इच्छा आहे. ही भीती अगदीच हवेतली नव्हती. २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट घडवणारे भाऊ चेचेन वंशाचे निघाले, तेव्हा चेक राजदूताला वॉशिंग्टनमध्ये निवेदन काढून ‘तो देश वेगळा आणि आम्ही वेगळे’ असं समजावून सांगावं लागलं होतं. पूर्वेकडच्या मोरावियातल्या लोकांचं म्हणणं निराळं होतं. चेस्को काय आणि चेकिया काय, दोन्ही नावं मुळात पश्चिमेकडच्या बोहेमियाची, मग त्यात आम्ही कुठे? पुढे पंतप्रधान झालेल्या आंद्रेय बाबिश यांनी तर २०२० मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राला सांगून टाकलं की हे नाव आपल्याला मुळीच आवडत नाही. सरकारचा प्रमुखच सरकारनं ठेवलेल्या नावाला नावं ठेवत होता.

मग झालं काय? काही नाही. २०२१ मध्ये आइस हॉकीचा संघ ‘चेकिया’ म्हणून उतरू लागला. २०२४ ची युरोपीय फुटबॉल स्पर्धा आणि त्याच वर्षीचं पॅरिस ऑलिम्पिक यांत धावफलकावर तेच नाव होतं. चेष्टेचा जोर ओसरला. ज्यांना पटलं नाही, ते जुनं नाव घेत राहिले आणि त्यांना कुणी अडवलं नाही.

देशाच्या नावबदलावरच्या लोकप्रतिक्रियेचा आढावा घ्यायचा तर चेकियाचं उदाहरण सर्वांत निरुपद्रवी म्हणून आधी घेतलं. इथं सत्ताधीशांवर कुणाचा मोठा राग नव्हता, शेजाऱ्याची हरकत नव्हती, सक्ती तर नव्हतीच. त्यामुळे उरली ती फक्त सवय मोडल्याची चिडचिड, आणि ती थट्टेतून बाहेर पडली. थट्टेपलीकडे जाऊन जिथं प्रकरण पेटतं, तिथं सहसा भांडण नावाचं नसतं. ते नाव बदलणाऱ्याशी असतं. हे माझं सरळ मत आहे, आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्या शेजारी, ब्रह्मदेशात सापडतो.

१९८८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथल्या लष्करानं लोकांचा उठाव गोळ्या घालून दडपला. हजारो माणसं मेली. पुढच्या वर्षी, १८ जून १९८९ ला, त्याच लष्करी मंडळानं कायदा करून इंग्रजीतलं ‘बर्मा’ काढून ‘म्यानमार’ केलं. रंगूनचं यांगोन आणि पेगूचं बागो झालं. कारण दिलं गेलं ते वसाहतवादाची खूण पुसण्याचं, शिवाय बर्मी सोडून इतर जमातींनाही सामावून घेणारं नाव हवं असंही सांगण्यात आलं. दुसऱ्या कारणात फारसं पाणी नाही, कारण ‘म्यानमा’ आणि ‘बामा’ ही एकाच नावाची दोन रूपं आहेत, एक लिखित भाषेतलं आणि दुसरं बोलण्यातलं. शान, काचिन, कारेन या लोकांसाठी दोन्ही नावं बहुसंख्याकांचीच.

तरीही पुढची दोन-अडीच दशकं जगात ‘तुम्ही बर्मा म्हणता की म्यानमार’ यावरून माणसाचं राजकारण ओळखलं जायचं. लोकशाहीवादी नेत्या आँग सान स्यू ची आणि त्यांचा पक्ष ‘बर्मा’ म्हणत राहिले. लोकांना न विचारता बंदुकीच्या जोरावर आलेल्यांना देशाचं बारसं करण्याचा हक्क नाही, हा त्यांचा मुद्दा होता. परागंदा पत्रकारांनी १९९२ मध्ये नॉर्वेतून रेडिओ सुरू केला, त्याच्याही नावात ‘बर्मा’ होतं. संयुक्त राष्ट्रांनी नवं नाव लगेच स्वीकारलं, पण अमेरिकेनं स्वीकारलं नाही. २०१२ मध्ये निवडणूक आयोगानं स्यू ची यांना ‘म्यानमार’ म्हणण्याची तंबी दिली. पुढे चार वर्षांनी त्या स्वतः परराष्ट्रमंत्री झाल्या आणि राजदूतांना म्हणाल्या की कुठलंही वापरा, अमुकच म्हणा असं राज्यघटनेत लिहिलेलं नाही. २०२१ च्या लष्करी उठावानंतर वॉशिंग्टनच्या निवेदनांत ‘बर्मा’ पुन्हा ठळकपणे दिसू लागलं. मराठी माणसाला या वादाची झळ कधी लागली नाही, कारण आपलं ‘ब्रह्मदेश’ हे तिसरंच नाव. टिळक मंडालेला सहा वर्षं कैदेत होते आणि तिथला पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत १९१६ मध्ये वारला, ते सगळं त्याच नावानं आपल्या पुस्तकांत आहे.

हाच निकष लावून दक्षिण आफ्रिकेला खेटून असलेल्या एका चिमुकल्या राज्याकडे पाहू. १९ एप्रिल २०१८ ला स्वाझीलँडचे राजे म्स्वाती तिसरे यांनी स्टेडियममधल्या सोहळ्यात जाहीर केलं की आजपासून देशाचं नाव एस्वातिनी. निमित्त होतं राजाचा पन्नासावा वाढदिवस आणि स्वातंत्र्याची पन्नास वर्षं. परदेशात गेलं की लोक आम्हाला स्वित्झर्लंड समजतात, हे राजेसाहेबांनी दिलेलं एक कारण. नाव चांगलंच होतं. ‘स्वाझींची भूमी’ या अर्थाचं, लोकांच्या रोजच्या बोलण्यातलं. कुणालाच ते परकं नव्हतं. पण या देशात १९७३ पासून राजकीय पक्षांना निवडणूक लढवता येत नाही आणि राजाचा शब्द हाच कायदा आहे. त्यामुळे प्रतिक्रिया नावावर आली नाही. दवाखान्यात औषध नाही, पोरांना काम नाही आणि राजाला वाढदिवसाला देशाचं नाव सुचतं, असा सूर निघाला. थुलानी मासेको या मानवी हक्कांच्या वकिलानं या बदलाला न्यायालयात आव्हान दिलं. नाव बदलायला हरकत नाही, पण ते एका माणसाच्या हुकमानं बदलता येतं का, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. जानेवारी २०२३ मध्ये मासेको यांची त्यांच्या घरी गोळ्या घालून हत्या झाली. लोकशाहीच्या मागणीसाठी ते आधीही तुरुंगात जाऊन आले होते, त्यामुळे हत्येचा संबंध एकट्या या दाव्याशी जोडणं बरोबर होणार नाही. पण देशाच्या नावाचा खटला कुठल्या वातावरणात लढावा लागतो, हे त्यावरून कळतं. गंमत म्हणजे या देशाच्या इंटरनेट पत्त्याच्या शेवटी अजूनही ‘एसझेड’ ही जुन्या नावाची अक्षरं आहेत. असे संकेत बदलायला सगळ्या संगणकयंत्रणा बदलाव्या लागतात, म्हणून बहुतेक देश त्या वाटेला जात नाहीत.

तुर्कस्तानात राजा नव्हता, पण चित्र फार निराळंही नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी परिपत्रक काढलं की यापुढे परदेशी भाषांतही देशाचं नाव ‘तुर्किये’च लिहायचं आणि निर्यातीच्या मालावरही तेच छापायचं. इंग्रजीत ‘टर्की’ हा खाण्याचा पक्षी आणि सपशेल आपटलेल्या नाटक-सिनेमालाही तोच शब्द, ही खुपणारी गोष्ट होती. जून २०२२ च्या आरंभी परराष्ट्रमंत्र्यांचं पत्र संयुक्त राष्ट्रांत पोचलं आणि बदल झाला. तिथं मतदान होत नाही, सरकारचं पत्र आलं की नोंद बदलते. देशातल्या लोकांना यात नवं काही नव्हतं, १९२३ मध्ये प्रजासत्ताक झाल्यापासून ते ‘तुर्किये’च म्हणत आले आहेत. नोंद बदलली त्याच आठवड्यात सरकारी आकडा आला. वर्षभरातली महागाई ७३.५ टक्के. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीआधी राष्ट्रवादाची फोडणी द्यायची ही युक्ती, असं विरोधक म्हणाले. बाहेरच्यांची अडचण साधी होती. इंग्रजी कळफलकावर ‘तुर्किये’तला दोन टिंबांचा ‘उ’ उमटत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये नवं नाव घेतलं, बरीच इंग्रजी वृत्तपत्रं अजून जुन्यावरच आहेत.

बाहेरच्यांच्या हट्टाचं जुनं उदाहरण इराणचं. १९३५ च्या नवरोजपासून आम्हाला ‘पर्शिया’ म्हणू नका, ‘इराण’ म्हणा, असं रेझा शाह यांच्या सरकारनं जगाला कळवलं. इराणी माणूस स्वतःच्या देशाला शतकानुशतकं इराणच म्हणत होता. पण दुसऱ्या महायुद्धात चर्चिलना इराण आणि इराक यांच्यात घोटाळा होईल अशी धास्ती वाटली आणि त्यांनी आपल्या कचेऱ्यांना पुन्हा ‘पर्शिया’ लिहायला लावलं. नंतर काही इराणी विद्वानांनाच रुखरुख लागली. पर्शियन कविता, पर्शियन गालिचे यांनी जगात कमावलेली पुण्याई नव्या नावाशी जोडली जात नाही, ही त्यांची खंत होती. १९५९ मध्ये पुढच्या शाहनं दोन्ही नावं चालतील असं सांगितलं. १९७९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेत स्थायिक झालेले अनेक जण स्वतःला आवर्जून ‘पर्शियन’ म्हणवू लागले. नवं नाव नकोसं झालेल्या राजवटीशी चिकटलं, तेव्हा जुनं नाव आसरा झालं.

आता नावातून वगळल्या गेलेल्यांकडे वळू. १९३९ मध्ये फिबुनसोंग्रम या लष्करी पंतप्रधानांनी सयामचं ‘थायलंड’ केलं. सयाम हे भूमीचं नाव होतं, तर ‘थाय’ हे वंशाचं. देशात चिनी वंशाचे व्यापारी होते, दक्षिणेला मलय मुसलमान होते, ईशान्येला लाओ बोलणारे होते. त्यांना या नावात जागा कुठे, हा प्रश्न तेव्हा विचारायची सोय नव्हती. महायुद्धात फिबुन यांनी जपानची साथ केली होती. जपान हरल्यावर १९४५ मध्ये देश पुन्हा सयाम झाला. फिबुन परतले आणि १९४९ मध्ये पुन्हा थायलंड झाला. दहा वर्षांत तीनदा नाव फिरलेला देश दुसरा आठवत नाही. सुलक शिवरक्ष यांच्यासारखे लेखक पुढेही हट्टानं ‘सयाम’च लिहीत राहिले, आणि चार्नवित कसेतसिरी या इतिहासकारांनी २००७ मध्ये राज्यघटना नव्यानं लिहिली जात असताना जुनं नाव परत आणण्यासाठी सह्यांची मोहीम चालवली. मोहीम फसली. थायलंड हे नाव तोवर तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

श्रीलंकेत वगळलेल्यांचं म्हणणं नीट ऐकलं तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. २२ मे १९७२ ला सिरिमाओ बंदारनायके यांच्या सरकारनं नवी राज्यघटना आणली, ‘सिलोन’चं श्रीलंका झालं. सिंहली जनतेनं उत्सव केला. तमिळ पक्षांत नाराजी होती, पण तिचं मूळ नावात नव्हतं. तमिळमध्ये या बेटाला ‘इलंगै’ म्हणतात आणि ते तसंच राहिलं. मूळ होतं त्या घटनेत, जिनं बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं आणि सिंहलीला एकमेव राजभाषा ठरवलं. तमिळांच्या मुख्य पक्षानं आदल्या वर्षीच घटना समितीतून अंग काढून घेतलं होतं. नव्या नावाची पाटी अशा घराला लागली, ज्यात आपल्याला दुय्यम खोली मिळाली आहे, असं त्यांना वाटलं, आणि पुढच्या रक्तरंजित दशकांचा विचार करता ते वाटणं खोटं ठरलं नाही. २०११ मध्ये सरकारनं सरकारी संस्थांच्या नावांतूनही ‘सिलोन’ काढायचं ठरवलं. चहाला मात्र हात लावला नाही. ‘सिलोन टी’ हे नाव मळ्यांचं भांडवल आहे, ते राष्ट्राभिमानापायी घालवण्याइतकं कुणी भोळं नव्हतं. आपल्याकडे ‘बिनाका गीतमाला’ ऐकलेल्या पिढीनं तर त्या स्टेशनला मरेपर्यंत रेडिओ सिलोनच म्हटलं.

मॅसिडोनिया मात्र माझ्या म्हणण्याला अपवाद आहे, म्हणून तिथं थोडं थांबायला हवं. तिथलं भांडण खरोखरच नावाचं होतं.

१९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटला आणि सुमारे वीस लाख वस्तीचं मॅसिडोनिया स्वतंत्र झालं. ग्रीसनं पहिल्या दिवसापासून हरकत घेतली. ग्रीसच्या उत्तरेला याच नावाचा प्रांत आहे, थेसालोनिकी हे त्यातलं मोठं शहर, आणि सिकंदर व त्याचा बाप फिलिप हा आमचा वारसा, असं ग्रीक मानतात. वर्गिना इथं १९७७ मध्ये राजघराण्याच्या कबरी सापडल्या, त्यांतल्या पेटीवरचा सोळा किरणांचा सूर्य या नव्या देशानं थेट झेंड्यावर घेतला, तेव्हा ग्रीकांचा संताप अनावर झाला. आमचं नाव घेता, आमचा सूर्य घेता, उद्या आमचं थेसालोनिकी मागाल. एकोणीसशे चाळीसच्या दशकातल्या यादवी युद्धाच्या आठवणी असलेल्यांना ही भीती पोकळ वाटत नव्हती. १९९३ मध्ये या देशाला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो ‘मॅसिडोनियाचं माजी युगोस्लाव्ह प्रजासत्ताक’ या नावानं. १९९४ मध्ये ग्रीसनं व्यापारबंदी घातली. पुढल्या वर्षी समेट झाला, झेंडा बदलला, नाव लटकलेलंच राहिलं. २००८ मध्ये बुखारेस्टच्या परिषदेत ग्रीसनं नाटो प्रवेश अडवला. ते कराराचं उल्लंघन होतं असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २०११ मध्ये दिला, पण दार काही उघडलं नाही. स्कोप्येतल्या राष्ट्रवादी सरकारनं विमानतळाला सिकंदराचं नाव आधीच दिलं होतं, पुढे राजधानीच्या चौकात घोड्यावर बसलेल्या योद्ध्याचा प्रचंड पुतळा उभारला. हा पोरकटपणा होता, आणि त्याचा खर्च एका गरीब देशाच्या तिजोरीतून झाला.

१७ जून २०१८ ला प्रेस्पा तलावाकाठी झोरान झाएव्ह आणि अलेक्सिस त्सिप्रास या दोन पंतप्रधानांच्या साक्षीनं करार झाला. देशाचं नाव ‘उत्तर मॅसिडोनिया’, भाषेचं नाव मात्र ‘मॅसिडोनियन’च. दोन्ही देशांत लोक रस्त्यावर उतरले, आणि दोन्हीकडे घोषणा एकच होती, आपल्या नेत्यानं देश विकला. करार होण्याआधीच, फेब्रुवारीत अथेन्सच्या सिंटाग्मा चौकातल्या विराट सभेत मिकिस थिओडोराकिस बोलले होते. ‘झोर्बा’चे संगीतकार, लष्करशाहीत छळ सोसलेले जन्माचे डावे. ते उजव्या राष्ट्रवाद्यांच्या व्यासपीठावर दिसल्यानं त्यांच्या जुन्या सोबत्यांना धक्का बसला. नावाचा प्रश्न डाव्या-उजव्याच्या चौकटीत मावत नाही, हे त्या दिवशी दिसलं.

स्कोप्येत ३० सप्टेंबरला सार्वमत झालं. मतपत्रिकेवरचा प्रश्न असा होता की ग्रीसशी झालेला करार स्वीकारून युरोपीय संघ आणि नाटोत जायला तुमची संमती आहे का? नवं नाव त्यात छापलेलंच नव्हतं. ‘हो’ म्हणणारे नव्वद टक्क्यांहून जास्त निघाले, पण मतदान जेमतेम ३७ टक्के. निम्म्या मतदारांची अट पुरी झाली नाही. राष्ट्राध्यक्षांनी स्वतः बहिष्कार घातला होता. विरोधक म्हणाले, घरी बसलेले सगळे आमचे. सरकार म्हणालं, यादीतले कित्येक जण कामासाठी परदेशात आहेत, ते मतदानाला येणार कसे? दोघांचंही थोडं थोडं खरं. लोकसंख्येत सुमारे पाव असलेल्या अल्बेनियन लोकांना सिकंदराशी कर्तव्य नव्हतं, त्यांना युरोपचं दार हवं होतं. सार्वमत सल्ल्यापुरतं होतं असं सांगून सरकार संसदेत गेलं आणि जानेवारी २०१९ मध्ये १२० पैकी ८१ मतांनी घटनादुरुस्ती करून घेतली. त्याच महिन्यात ग्रीक संसदेत ३०० पैकी १५३ मतं पडली. तोवर त्सिप्रास यांचा सत्तेतला जोडीदार पक्ष याच मुद्द्यावरून सरकार सोडून गेला होता.

सार्वमतातला तो प्रश्न मला आजही खटकतो. नाव बदलायचं असेल तर नाव विचारा. रोजगार, संरक्षण आणि युरोपचा पासपोर्ट यांच्या पुडक्यात नाव गुंडाळून दिलं की ‘हो’चा अर्थ ‘हो’ राहत नाही आणि घरी बसण्याचा अर्थही कळत नाही. करार मात्र, माझ्या मते, योग्य होता. उत्तर मॅसिडोनिया २७ मार्च २०२० ला नाटोत गेला. ग्रीसमध्ये २०१९ च्या उन्हाळ्यात त्सिप्रास हरले, कराराला कडाडून विरोध करणारा पक्ष सत्तेवर आला आणि त्यानं करार जसाच्या तसा पाळला. ज्या युरोपीय संघासाठी एवढं केलं, त्याचं दार मात्र नंतर बल्गेरियानं भाषा आणि इतिहासाचे नवे वाद काढून अडवलं. मॅसिडोनियन माणसाच्या जिव्हारी लागलं ते हे. नाव दिलं आणि हाती काही आलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये जुन्या नावाच्या पासपोर्टांची मुदत संपली, तेव्हा नव्यासाठी सरकारी कचेऱ्यांत झुंबड उडाली. त्याच वर्षी मे महिन्यात नव्या राष्ट्राध्यक्षा गोर्डाना सिल्यानोव्स्का-दावकोवा यांनी शपथ घेताना नुसतं ‘मॅसिडोनिया’ म्हटलं आणि ग्रीक राजदूत सभागृहातून उठून गेल्या.

नाव ठेवणारा गेल्यावर नाव राहतं का, ही लोकमताची खरी चाचणी. आफ्रिकेत ती झालेली आहे. अप्पर व्होल्टा हे फ्रेंचांनी नदीवरून ठेवलेलं नाव थॉमस सांकारा यांनी ४ ऑगस्ट १९८४ ला बदलून बुर्किना फासो केलं. तीन वर्षांत त्यांचा खून झाला, खून करून आलेल्यांनी त्यांची धोरणं गुंडाळली, पण नावाला हात लावला नाही. डाहोमी हे दक्षिणेतल्या एका जुन्या राज्याचं नाव. उत्तरेकडच्यांना त्यात जवळीक वाटेना म्हणून १९७५ मध्ये मॅथ्यू केरेकू यांनी शेजारच्या आखातावरून बेनिन हे कुणाचंच नसलेलं नाव घेतलं. मार्क्सवाद गेला, बेनिन राहिलं. याउलट मोबुटू यांनी १९७१ मध्ये काँगोचं झाईर केलं, नदीचं झाईर केलं, चलनाचं तर आधीच झाईर केलं होतं. पुढं नागरिकांना ख्रिस्ती नावंसुद्धा टाकायला लावली. १९९७ मध्ये मोबुटू पळाले आणि झाईरही गेलं. कंबोडियातल्या पोल पॉटच्या राजवटीशी जोडलं गेलेलं ‘कांपुचिया’ही बाहेरच्या जगाच्या तोंडून तसंच पुसलं गेलं.

काही नावं जन्मालाच आली नाहीत. कझाखस्तानच्या नझरबायेव यांना २०१४ मध्ये नावातलं ‘स्तान’ नकोसं झालं, पण ते नुसतं बोलून दाखवून राहिलं. पुढे राजधानी अस्तानाला त्यांचं स्वतःचं नाव मिळालं आणि साडेतीन वर्षांत काढूनही घेतलं गेलं. फिलिपिन्सच्या दुतेर्ते यांनी २०१९ मध्ये हुकूमशहा मार्कोस यांची ‘महार्लिका’ ही आवडती कल्पना पुन्हा काढली, हसू झालं आणि संपली. न्यूझीलंडमध्ये माओरी पक्षाच्या ‘आओतेआरोआ’साठीच्या अर्जावर सत्तर हजारांवर सह्या झाल्या. तिथं ते नाव पासपोर्टवर आणि नोटांवर आधीपासून आहे, पण पाहण्यांत निम्म्याहून जास्त लोकांना नुसतं ‘न्यूझीलंड’च बरं वाटलं.

५ सप्टेंबर २०२३ ला आपल्याकडे जे झालं, ते या सगळ्याच्या शेजारी ठेवून पाहावं. जी-२० च्या मेजवानीच्या इंग्रजी निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रेसिडेंट ऑफ भारत’ छापून आलं, परिषदेत पंतप्रधानांपुढच्या पाटीवर ‘भारत’ होतं, आणि संसदेचं विशेष अधिवेशन तोंडावर असल्यानं ‘इंडिया’ रद्द होणार अशी आवई उठली. विरोधी पक्षांनी जुलैमध्येच आपल्या आघाडीचं नाव ‘इंडिया’ होईल असं जुळवलं होतं. त्यामुळे अर्ध्या लोकांना ही आघाडीला दिलेली चपराक वाटली आणि अर्ध्यांना गुलामीच्या खुणेतून मुक्ती. वीरेंद्र सेहवागनं क्रिकेट संघाच्या जर्सीवर ‘भारत’ छापा म्हणून मागणी केली. शशी थरूर म्हणाले की भारत म्हणायला घटनेची आडकाठी नाही, पण शतकांची कमाई असलेलं ‘इंडिया’ टाकण्याइतकं सरकार खुळं नसावं. खरं तर १९४७ मध्ये ‘इंडिया’ हे नाव नव्या देशाकडे राहिलं, त्यावर जिनांनीच मोठी कुरकुर केली होती. तेव्हा ते नाव टाकणं म्हणजे नेमका कुणाचा विजय, हा प्रश्न त्या गदारोळात फार थोड्यांनी विचारला.

मराठी मुलखात या दोन नावांना आणखी एक अर्थ होता. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८० च्या आसपास ‘इंडिया विरुद्ध भारत’ अशी मांडणी केली. कांद्या-कापसाला भाव न मिळणारा भारत आणि त्याच्या जिवावर पोसलेला इंडिया. त्यांच्या सभांना गेलेल्या शेतकऱ्याला ‘भारत’ म्हणताना प्राचीन वैभव आठवत नव्हतं, मालाचा भाव आठवत होता. दिल्लीच्या निमंत्रणपत्रिकेतल्या ‘भारत’शी त्याचा काही संबंध नव्हता, आणि २०२३ च्या चर्चेत ही बाजू महाराष्ट्रातही फारशी कुणी मांडली नाही, याचं मला नवल वाटतं.

घटना समितीत हा वाद १८ सप्टेंबर १९४९ ला झाला होता. ‘इंडिया, दॅट इज भारत’ या शब्दरचनेला हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती सुचवली आणि भारत हे नाव आधी यावं म्हणून आयर्लंडच्या राज्यघटनेचा दाखला देत भाषण केलं. आंबेडकरांना कामाची घाई होती, इतक्या पाल्हाळाची गरज आहे का, असा त्यांचा सूर होता. दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी पडली. पुढे एकच नाव ठेवा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा २०१६ मध्ये सरन्यायाधीश ठाकूर यांच्या पीठानं ज्याला जे म्हणायचं ते म्हणू द्या, असं सांगून ती फेटाळली.

आजही संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात दोन्ही नावं आहेत आणि संयुक्त राष्ट्रांकडे दिल्लीहून कुठलंही पत्र गेलेलं नाही. उद्या एखाद्या सरकारला त्यातलं एक नाव काढायचं झालं, तर ते त्यानं निमंत्रणपत्रिकेतून, परिपत्रकातून किंवा कुणाच्या वाढदिवशी करू नये. संसदेत घटनादुरुस्ती मांडावी, तिच्यात नाव स्पष्ट लिहावं, आणि त्याच्यासोबत दुसरं काहीही बांधू नये.